तणमावशी आणि सातवा रकाना

तणमावशी घरी बसून काय करत असतील, ही काळजी चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तशी काळजी करण्यात मी मुरलेली आहे. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून तर रोजचाच रतीब आहे: ती वेळेवर जेवली का, छत्री नेली का, तिच्या खोलीतल्या मुलीला सर्दी झाली तर हिला लागणार का. "आई, तुला काळज्या पुरवणारा कोणी ठेकेदार आहे का गं?" असं तिने मागे विचारलं होतं. पण मावशींची काळजी वेगळी आहे. लेकीच्या खोलीतल्या सर्दीत माझा हात नाही. मावशींच्या घरी बसण्यात आहे. तो मी भर सभेत, सगळ्यांच्या देखत वर केला होता.

तणमावशी म्हणजे आमच्या वसाहतीची माळीण. वय बासष्ट, उंची जेमतेम साडेचार फूट, डाव्या गुडघ्याला पट्टा, कमरेला खुरपं आणि जिभेला त्याच खुरप्याची धार. 'तणमावशी' हे नाव अध्यक्षांनी ठेवलं. आमचे अध्यक्ष नळाचे वॉशर बनवणाऱ्या कारखान्यातून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे जगात कुठेही काही गळता कामा नये आणि कुठेही काही आपोआप उगवता कामा नये, असं त्यांचं मत. एका सभेत ते म्हणाले, "बागेत झाडं चार आणि तण चाळीस! या कसल्या माळीणमावशी? या तर तणमावशी!" सगळे हसले. मावशीही हसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माळी काय, हाक मारली की चार येतात. तणातलं कळणारं माणूस शोधून आणा एक." तेव्हापासून त्या त्याच नावाला ओ देऊ लागल्या. टोमणा मारणाऱ्याला यापेक्षा मोठी शिक्षा नसते.

माझी त्यांची ओळख तेरा वर्षांपूर्वी झाली, घाणेरीच्या कुंपणाशी. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. शेजारच्या मुलीने येऊन सांगितलं, "काकू, ती फळं खातेय." मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी चार मजले उतरले. मावशी उकिडव्या बसून माती उकरत होत्या. मी ओरडत होते, लेक माझ्या ओरडण्यामुळे रडत होती आणि मावशींनी मान वर करून एवढंच विचारलं, "काळी की हिरवी?"

"काय काळी की हिरवी?"

"फळं हो, ताई. काळी खाल्ली की हिरवी? जीभ दाखव गं, बाळा."

जीभ जांभळी झाली होती.

"पिकलेली खाल्लीत. हिरवी असती तर मीच तुमच्या पुढे पळाले असते. तरी दवाखान्यात दाखवून या, म्हणजे बरं वाटेल."

"तिला?"

"तुम्हाला. तिला काय झालंय?"

दवाखान्यात डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, चेहरा गंभीर केला आणि विचारलं, "काळी की हिरवी?"

मी घरी येऊन समितीकडे दोन पानी अर्ज केला. समितीने कुंपणावर मोठा फलक लावला: 'झाडांना हात लावू नये.' मावशी तो वाचून म्हणाल्या, "पण हिने हात कुठे लावला होता? तोंड लावलं होतं."

मग त्यांनीच लेकीला शिकवलं. अनोळखी रोप दिसलं तर आधी देठ मोडून बघायचा. दूध आलं तर तोंडाला नाही. आणि लगेच पुढचं बजावणं: "दूध नाही आलं म्हणजे खायचं, असंही नाही बरं का. धोतऱ्याला कुठे दूध येतं? ओळख नसेल तर चव नाही. माणसांचंही तसंच." लेक तेव्हा महिनाभर दिसेल तो देठ मोडत सुटली होती. अध्यक्षांनी नव्याने लावलेली सदाफुलीची अख्खी रांग तिने तपासली.

आमच्याकडे येण्याआधी मावशींनी वीस वर्षं एका नर्सरीत काढली होती. शोभेची झाडं विकत घेणाऱ्यांविषयी त्यांचं मत तिथेच बनलं. "ताई, शोभेचं झाड म्हणजे पाहुणा. ऊन लागलं, वारा लागला, पाणी जास्त झालं, कमी झालं, सदा तक्रार. तण म्हणजे घरचं माणूस. कोणी विचारत नाही आणि तेच उपयोगी पडतं."

त्या नर्सरीची एक रीत त्यांनी आमच्या बागेतही आणली होती. तिथे गिऱ्हाइकं स्वस्त रोपाची पाटी काढून महागाच्या कुंडीत खोचत आणि साळसूदपणे गल्ल्याशी येऊन उभी राहत. म्हणून नर्सरीच्या मालकाने फुटक्या कौलाच्या तुकड्यांवर ऑइलपेंटने लिहायला लावलं आणि तो तुकडा अक्षरं आत करून मुळाशी पूर्ण पुरून टाकायचा. वरून काही दिसत नाही. उन्हाने अक्षर उडत नाही, कोणी बदलत नाही. शंका आली तर उपसून वाचायचं. "गिऱ्हाईक पाटी बदलतं, मातीत कोण हात घालतं?" असं मावशी म्हणायच्या. शिवाय त्या कौलावर झाडाचं नाव लिहीतच नसत. "नाव काय, कोणीही ठेवतं. माझंच बघा ना." त्या लिहायच्या ते झाड काय करतं ते. 'खाज सुटेल.' 'केसांना चांगलं.' 'पाणी देऊ नका, रागावतं.'

एवढं करून त्यांच्या स्वतःच्या घरी एकही झाड नाही. एकदा त्या आजारी होत्या म्हणून मी गेले होते. दोन खोल्या. सून सोफ्यांची कव्हरं शिवते, त्यामुळे सगळीकडे फोमचे तुकडे. टीव्हीवर काचेच्या भांड्यात प्लास्टिकचा लाल गुलाब. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर घरी जाऊन बायकोला इंजेक्शनं देत बसतात का? हा गुलाब बरा. आठवड्यातून एकदा फडकं मारलं की झालं. मागणं नाही, रुसणं नाही."

वसाहतीच्या आवारात मात्र कोणत्या तणाला कुठे राहायला आवडतं, ते त्यांना पाठ होतं. पंपाच्या टाकीचा पाइप जिथे ठिबकतो तिथे माका. त्याचा रस तेलात उकळून अर्ध्या वसाहतीचे केस त्यांनी काळे ठेवले. भिंतीलगतच्या डबराच्या ढिगावर एकदांडी. पोस्टमनचं बोट पत्रपेटीच्या पत्र्याने कापलं तेव्हा तिचाच पाला चुरगाळून त्यांनी रक्त थांबवलं. जिन्याखालच्या सावलीत आंबुशी. फाटकाजवळच्या फरशीच्या फटींत घोळ, जिचा पाला शिजवून खातात. आणि तिच्या शेजारीच दुधी. भाजीवाल्याकडचा दुधी नव्हे. हे जमिनीला चिकटून पसरणारं तण, मोडलं की पांढरा चीक येतो. चामखिळीला लावतात, पण तोंडाला लागला तर ओठ सुजतात आणि पोटात गेला तर रात्र संडासात जाते. "घोळ आणि दुधी म्हणजे दोघी जावा," मावशी म्हणायच्या. "लांबून सारख्या दिसतात, एकाच ओट्यावर वावरतात. पण घोळीचं पान जाड, बोटाला गार लागतं. हिचं पातळ. आणि ही डिवचली की लगेच बाहेर येतं पोटातलं."

रहिवाशांनाही त्यांनी असंच वाटून टाकलं होतं. अध्यक्ष म्हणजे कुंडीतलं झाड, "मुळं खालच्या भोकातून बाहेर आली तरी कुंडी सोडवत नाही." मी विचारलं, मी कोण? त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "तुम्ही आंबुशी. सावलीत छान टवटवीत. जरा ऊन लागलं की पानं मिटून घेता." मला तेव्हा हसू आलं होतं.

मी समितीची चिटणीस आहे, हे सांगायला हवं. निवडणुकीच्या दिवशी मी तापाने झोपले होते. आमच्याकडे गैरहजर माणूस बिनविरोध निवडून येतो.

या वर्षी अध्यक्षांनी शहराच्या 'हरित वसाहत' स्पर्धेत उतरायचं ठरवलं. त्यासाठी बागसल्लागार आणला. पांढरेशुभ्र बूट घातलेला तरुण. बागेत उभं राहून त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "इथे फार गोंगाट आहे."

"आत्ता तर कोणीच नाही," मी म्हटलं.

"दृश्य गोंगाट. प्रत्येक झाड काहीतरी वेगळं बोलतंय."

पंधरा दिवसांत त्याने सगळ्यांना गप्प केलं. डबर गेलं, फटी सिमेंटने बुजवल्या, जिन्याखाली पांढरे खडे आले, क्रोटनच्या रांगा लागल्या आणि मधोमध प्लास्टिकची हिरवळ अंथरली. ती दुपारी इतकी तापायची की मांजर तिच्यावरून उड्या मारत जायचं. म्हणून मावशींनी दिवसातून दोनदा तिला पाणी घालावं, असं ठरलं.

"माझ्या घरी पण प्लास्टिकचंच फूल आहे," मावशी म्हणाल्या. "पण मी त्याला पाणी नाही घालत. सुनेने बघितलं तर दवाखान्यात नेईल."

समितीने 'तणाचे समूळ उच्चाटन केल्याबद्दल' अभिनंदनाचा ठराव केला. इतिवृत्त मीच लिहिलं, अक्षर चांगलं आलंय.

तिसऱ्या आठवड्यात स्पर्धेचा अर्ज आला. रकाना सात, सगळ्यांत जास्त गुणांचा: 'आवारातील दहा रानटी वनस्पती, त्यांचा अधिवास व पारंपरिक उपयोग. प्रत्यक्ष नमुने दाखवावेत.'

कचेरीत शांतता पसरली. खरी शांतता, बागसल्लागाराला आवडेल अशी. शेवटी अध्यक्षांनी मावशींना बोलावलं.

"मावशी, तण आहे का हो कुठे थोडं?"

"तण? छे हो, साहेब! समूळ उच्चाटन झालं ना. ठराव आहे."

"ते झालं हो. पण समजा, लागलंच तर?"

"किती लागेल?"

"दहा प्रकार. जरा... चांगल्यातलं."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. हसू पुसत होत्या. "पंपामागे बघावं लागेल. तिथे मागच्या वेळी माझा हात पोहोचला नव्हता."

पंपामागे त्यांनी सगळं गोकुळ लपवून ठेवलं होतं. मोठमोठ्या चकचकीत कुंड्या आल्या आणि ज्यांना आयुष्यभर लाथा बसल्या ती दहा तणं पाहुण्यांसारखी दारातल्या लाकडी स्टँडवर जाऊन बसली. मावशींनी प्रत्येकाच्या मुळाशी आपलं कौल पुरलं. बागसल्लागार म्हणाला, कौलं नकोत. मावशी म्हणाल्या, "दिसतायत का? मग?" त्याने सोनेरी अक्षरांच्या पाट्या करून आणल्या, खाली शास्त्रीय नाव तिरप्या टायपात, आणि स्टँडच्या फळीला स्क्रूने पक्क्या बसवल्या. परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी मावशींनी ज्या पाटीमागे जी कुंडी हवी ती नीट लावली आणि त्या घरी गेल्या.

संध्याकाळी मला त्या स्टँडवर धूळ दिसली.

मला धूळ दिसते, हा माझा स्वभाव आहे. मी दहाही कुंड्या खाली उतरवल्या, फळी पुसली आणि कुंड्या परत ठेवल्या. आठ मी ओळखल्या. उरल्या त्या दोघी जावा. दोन्ही कुंडीच्या काठावरून खाली लोळणाऱ्या, दोन्ही लालसर देठांच्या. बोट लावून बघायचं सुचलं नाही. मी पदवीधर आहे, मी अंदाज केला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकबाई आल्या. त्या गृहसजावट शिकवतात, स्पर्धेत सौंदर्य आणि स्वच्छता बघतात. स्वभावाने उत्साही. मावशींना नवा हिरवा ॲप्रन घालून रांगेच्या शेवटी उभं केलं होतं आणि बोलायचं नाही असं बजावलं होतं. परीक्षकबाईंनी घोळीची पाटी मोठ्याने वाचली. 'अधिवास: फरशीच्या फटी व उन्हाची मोकळी जागा. उपयोग: पालेभाजी, कोवळी पाने कच्चीही खातात.'

"किती गोड! मला निसर्ग नेहमी चाखून बघायला आवडतो."

"चाखा ना!" अध्यक्ष म्हणाले. "आपल्या आवारातलंच आहे. एकदम ताजं."

बाईंनी डहाळी मोडली. आणि साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई एवढ्या वेगाने चालू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मावशींनी परीक्षकबाईंच्या हातावर फाडकन चापट मारली. डहाळी उडून अध्यक्षांच्या बुटावर पडली.

"तोंडात नको! दूध आलंय!"

"मावशी!" अध्यक्ष किंचाळले. "कोणावर हात उचलता?"

"हातावर हात उचलला, साहेब. बाईंवर नाही."

"पाटी वाचता येत नाही का? घोळ लिहिलंय ढळढळीत!"

"पाटी कोणाला खायचीय?"

पुढे कोणी त्यांना बोलू दिलं नाही. अध्यक्ष क्षमा मागत होते, बागसल्लागार टिश्यूपेपर शोधत होता. परीक्षकबाई "असू दे, असू दे" म्हणाल्या, हात पुसला, स्वतःचं कार्ड माझ्या हातात दिलं आणि प्लास्टिकची हिरवळ न बघताच गेल्या. गर्दी पांगल्यावर मावशी माझ्याशेजारी आल्या.

"ताई, काल स्टँड कोणी पुसलं?"

"काय की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फळीकडे. फळी लख्ख होती.

संध्याकाळी सभा झाली. ठराव: 'परीक्षकांचा अपमान केल्याबद्दल माळीणबाईंना कामावरून कमी करावे.' हात वर करा म्हटल्यावर मी आधी शेजारी बघितलं, मग समोर, मग केला. मावशी दारात उभ्या होत्या. खुरपं आणि पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "ती दुधीची कुंडी पोरं खेळतात तिथून हलवा तेवढी." आंबुशी कशी पानं मिटून घेते, ते मी त्या वेळी आतून बघितलं.

आज कचेरीतून निरोप आला. उद्या सकाळी सातला नवी एजन्सी येणार: दोन माणसं आणि फवारणीचा पंप. पहिलं काम, पंपामागची जागा साफ करणं. दहाही कुंड्या आता तिथेच टाकल्या आहेत. मी अंधार पडता पडता खाली गेले. घोळीच्या पाटीमागे जी होती ती कुंडी ओळखली, मोडलेल्या देठावर चीक वाळला होता. मातीत हात घातला. कौल निघालं.

'दूध येतं. चामखिळीला चालेल. तोंडाला नाही.'

दुसऱ्या कुंडीतलंही काढलं. त्यावर एकच शब्द होता: 'खा.'

दोन्ही कौलं आणि मातीने भरलेली नखं घेऊन मी घरी आले. नवरा म्हणाला, "अगं, झालं ते झालं. आता कशाला उकरून काढतेस?" मी म्हटलं, काढलंय. मग लेकीचा फोन आला. आज पहिल्यांदाच मी तिला जेवलीस का विचारलं नाही, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू एरवी कुणाकुणाची काळजी करत असतेस. मावशींनी तर न विचारता केली की." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. काळजी घेते म्हणाली नाही, घे म्हणाली नाही.

म्हणून हे लिहायला बसले. खरं तर त्या सभेचं इतिवृत्त लिहायचं होतं, सकाळी सही करून कचेरीत द्यायचं आहे. 'माळीणबाईंचे गैरवर्तन' एवढं लिहून लेखणी अडली आणि मग हे सगळं आलं.

अध्यक्षांना आधी फोन केला तर ते म्हणतील, स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत गप्प बसा. मी गप्प बसेन, मला माझी खात्री आहे. ठरावात 'परीक्षकांचा अपमान' लिहिलंय. तो झाला नाही हे सांगायचा अधिकार एकाच बाईला आहे, आणि आपलं तोंड कशापासून वाचलं हे तिला अजून माहीत नाही. सातव्या रकान्यात शून्य पडेल. अध्यक्ष माझ्याशी बोलणं सोडतील. त्याचीही काळजी करायची राहून गेली आहे, सवडीने करीन.

परीक्षकबाईंचं कार्ड फ्रिजवर आहे. साडेदहा वाजलेत, वेळ बरी नाही, पण सकाळचे सात वाजायलाही फार वेळ उरलेला नाही. आधी त्यांना लावते. मग अध्यक्षांना, ते झोपले असले तरी. मावशींना आत्ता नाही. त्यांना झोपेतून उठवलं तर कौलावर माझ्याबद्दल काय लिहितील, सांगता येत नाही.